हँडसेट आपला, किल्ली कुणाची?

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर घरात नवी वस्तू यावी, ही आपल्याकडची जुनी रीत. एके काळी या दिवशी सायकल येई, शिलाई यंत्र येई, फार तर दूरदर्शन संच येई. त्याला हळदकुंकू वाहून, फुलांचा हार घालून मगच त्याचा वापर सुरू होई. आता बहुतेक घरांत मोबाईल येतो. तो घेण्यासाठी दुकानात उभ्या असलेल्या कुटुंबातला संवाद सर्वांच्या परिचयाचा आहे. मुलाला कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते हवे असते, मुलीला मैत्रिणींकडे आहे तोच फोन हवा असतो, आजीला आवाज मोठा हवा असतो आणि वडील मुकाट्याने मासिक हप्त्याचा हिशेब करीत असतात. या सगळ्या चर्चेत एक प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. या यंत्राचा कारभार पाहणारी प्रणाली कुणाची, आणि ती आणखी किती वर्षे या यंत्राला सांभाळणार?

हा प्रश्न आम्हालाही पूर्वी कधी सुचला नव्हता. कला शाखेच्या पदवीधराला संगणकाच्या पोटात शिरण्याचे कारण काय? कारण मिळाले ते काही वर्षांपूर्वीच्या एका सकाळी. एका वयोवृद्ध नातेवाइकाच्या औषधांचे पैसे तातडीने पाठवायचे होते. बँकेचे ॲप उघडले, तर पडद्यावर सूचना आली की, या फोनवरील संचालन प्रणाली जुनी असल्याने ॲप यापुढे चालणार नाही. फोन ठणठणीत होता. काचेवर ओरखडा नव्हता, बॅटरी दिवसभर टिकत होती. कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो, तेव्हा तेथील तरुणाने अत्यंत अदबीने सांगितले, ''काका, याला आता अपडेट नाही. नवा घ्या.'' तो फोन घेऊन पाच वर्षेही झाली नव्हती. आपल्याकडे पाच वर्षांत मिक्सर टाकून देण्याची पद्धत नाही, शिलाई यंत्र तर तीन पिढ्या चालते. मग नादुरुस्त न झालेली वस्तू कुणीतरी परस्पर निरुपयोगी ठरवतो, तेव्हा त्या वस्तूचा मालक नेमका कोण?

ज्याला इंग्रजीत ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात आणि आपण संचालन प्रणाली म्हणू, ती म्हणजे या वाड्याचा कारभारी होय. वाडा आपल्या पैशाचा. परंतु दार कुणाला उघडायचे, कोणती खोली कुणी वापरायची, तिजोरीजवळ कुणाला जाऊ द्यायचे, हे सर्व कारभारी ठरवतो. आणि हा कारभारी आपण नेमलेला नसतो.

आज जगात असे कारभारी मुख्यत्वे दोनच उरले आहेत. गुगलची अँड्रॉइड आणि ॲपलची आयओएस. भारतात तर वापरात असलेल्या स्मार्टफोनपैकी सुमारे ९५ टक्के अँड्रॉइडवर चालतात आणि उरलेले बहुतेक आयफोन आहेत. ही स्थिती मुळापासून नव्हती, आणि ती कशी आली हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्यात पराभूत झालेले कुणी लेचेपेचे नव्हते.

ज्यांनी या शतकाचे पहिले दशक पाहिले आहे, त्यांच्या लेखी मोबाईल म्हणजे नोकिया. २००३ साली आलेला, टॉर्च असलेला नोकिया ११०० शेताच्या बांधापासून रिक्षाच्या हँडलपर्यंत सर्वत्र दिसे. जगभरात त्याचे सुमारे २५ कोटी नग खपले. २००७ च्या अखेरीस जगात विकल्या जाणाऱ्या दर १० मोबाईलपैकी सुमारे ४ नोकियाचे होते आणि स्मार्टफोनमध्ये तर हा वाटा निम्म्याच्या आसपास होता. त्या स्मार्टफोनना चालविणारी सिम्बियन ही प्रणाली १९९८ साली सायन या ब्रिटिश कंपनीच्या कामातून उभी राहिली होती आणि तिच्यामागे नोकिया, एरिक्सन व मोटोरोला अशी मातब्बर मंडळी होती. बटणांचा फोन, तोकडी स्मृती आणि बेताची बॅटरी यांच्यावर उत्तम चालावी, अशीच तिची रचना होती. तिचे बळ हेच पुढे तिचे ओझे झाले.

९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला. भारतात तो २२ ऑगस्ट २००८ रोजी आला, तेव्हा त्याची किंमत ३१ हजार रुपयांपासून सुरू होत होती आणि आपल्याकडे ते श्रीमंतांचे खेळणे म्हणून हसण्यावारी नेले गेले. काचेवर बोट फिरवण्याची गंमत सर्वांना दिसली. परंतु खरी उलथापालथ त्या काचेने केली नाही. ती जुलै २००८ मध्ये उघडलेल्या ॲप स्टोअरने केली. सुरुवातीला तेथे अवघी ५०० ॲप होती. पण फोन ही बोलण्याची वस्तू राहिली नसून ती एक बाजारपेठ आहे आणि त्या बाजारपेठेच्या वेशीवर जो बसेल तो प्रत्येक व्यवहारावर जकात घेईल, ही गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली. गुगलने हे आधीच ओळखले होते. २००५ साली अँड्रॉइड नावाची एक लहानशी कंपनी तिने विकत घेतली होती आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ३४ कंपन्यांची आघाडी उभी करून ही प्रणाली सर्वांना विनामूल्य देण्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी तैवानच्या एचटीसीने बनविलेला पहिला अँड्रॉइड फोन अमेरिकेत विकला गेला.

नोकिया गाफील होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्याकडे पैसा होता, अभियंते होते, मीगो नावाची नवी प्रणालीही तयार होत होती. नव्हते ते एकचित्त. फेब्रुवारी २०११ मध्ये तिचे नवे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पाठविलेल्या टिपणात समुद्रातील जळत्या तेलफलाटावर उभ्या असलेल्या माणसाचा दाखला दिला होता. जळायचे, की थंडगार पाण्यात उडी घ्यायची, एवढाच पर्याय. प्रतिस्पर्ध्यांनी आपल्याला यंत्रांनी नव्हे, तर यंत्रांभोवती उभारलेल्या समग्र व्यवस्थेने हरवले आहे, हे त्यांचे निदान अचूक होते. उपचार मात्र चुकला. त्यांनी उडी घेतली ती मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये. विंडोज फोन वाईट होता काय? ज्यांनी वापरला ते आजही त्याची आठवण काढतात. पण ग्राहक नाहीत म्हणून ॲप लिहिणारे येत नव्हते आणि ॲप नाहीत म्हणून ग्राहक येत नव्हते. या रहाटगाडग्यातून जगातील सर्वात धनाढ्य सॉफ्टवेअर कंपनीलाही बाहेर पडता आले नाही. २०१४ मध्ये सुमारे ७०० कोटी डॉलरना नोकियाचा फोन व्यवसाय विकत घेऊन पुढच्याच वर्षी तिने त्याहून अधिक रक्कम बुडीत खाती टाकली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी व्हॉट्सॲपने विंडोज फोनची साथ सोडली आणि विषय संपला. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या.

या लढाईची झळ आपल्या मातीलाही लागली आहे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे २००६ साली सुरू झालेला नोकियाचा कारखाना हा देशाच्या अभिमानाचा विषय होता. हजारो तरुण-तरुणी तेथे कामाला होते. आसपासच्या खेड्यांतील मुलींना पहिला पगार मिळाला तो तेथेच. प्राप्तिकराच्या वादामुळे हा कारखाना मायक्रोसॉफ्टबरोबरच्या व्यवहारातून वगळला गेला, मागणी आटत गेली आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील उत्पादन थांबले. हेलसिंकी आणि कॅलिफोर्नियातील निर्णयांची किंमत तामिळनाडूतल्या घरांनी चुकती केली.

आता या दोघांत तरी खरी स्पर्धा आहे काय? वरवर पाहता आहे. चौकाचौकांत जाहिरातींचे युद्ध आहे, घराघरांत वाद आहेत. परंतु अमेरिकेतील खटल्याच्या कागदपत्रांतून २०२४ साली जे बाहेर आले, ते विचार करायला लावणारे आहे. आयफोनच्या ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे, यासाठी गुगलने ॲपलला एकट्या २०२२ या वर्षात २००० कोटी डॉलर दिले होते. ज्याला आपण प्रतिस्पर्धी समजतो, त्याच्या अंगणात भाडे भरून दुकान थाटण्याचा हा प्रकार. गुगलने शोधसेवेत बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी दिला. हे मेहता जन्माने गुजरातमधील पाटणचे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

अँड्रॉइड विनामूल्य आहे, या समजुतीलाही असाच एक पदर आहे. मूळ प्रणाली खुली आहे, हे खरे. पण प्ले स्टोअर आणि गुगलच्या प्रमुख सेवांखेरीज फोन विकला जात नाही आणि त्या हव्या असतील, तर फोन बनविणाऱ्याला गुगलच्या अटींवर सही करावी लागते. भारतात काही तरुणांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने याची चौकशी केली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्थगिती नाकारली. मग गुगलने भारतापुरते नियम सैल केले. ग्राहकाला शोधयंत्र निवडता येईल आणि उत्पादकाला एकेक ॲप वेगळे घेता येईल, असे जाहीर केले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. एका भारतीय नियामक संस्थेच्या लेखणीने जगातील बलाढ्य कंपनीला आपले करारनामे बदलावे लागले, या घटनेचे मोल आपल्या वृत्तपत्रांनी पुरेसे ओळखले नाही, असे आम्हाला वाटते.

या ठिकाणी स्वदेशीचा मुद्दा येणे स्वाभाविक आहे, आणि तो भावनेच्या भरात न मांडता हिशेबाने मांडला पाहिजे. हँडसेट बनविण्यात देशाने मोठी मजल मारली आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ मध्ये सुमारे १८ हजार कोटी रुपयांचे मोबाईल येथे तयार होत. २०२४-२५ मध्ये हा आकडा सुमारे साडेपाच लाख कोटींवर गेला. आयफोनची जुळणी २०१७ पासून कर्नाटकात सुरू झाली आणि तेथील विस्ट्रॉनचा कारखाना २०२३ मध्ये टाटा समूहाने घेतला. ही मिळवणूक लहान नाही. परंतु कारभारी अजूनही परका आहे. २०१४ च्या सुमारास मायक्रोमॅक्स ही भारतीय कंपनी सॅमसंगशी पहिल्या क्रमांकासाठी झुंजत होती. चिनी कंपन्यांची आणि ४-जीची लाट येताच ती मागे पडली, कारण तिचे म्हणावे असे त्या फोनमध्ये नावाखेरीज फारसे काही नव्हते.

निराळा विचार करणारेही होते. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी अँड्रॉइडवर आधारित 'इंडस ओएस' तयार केली, तेव्हा त्यांनी इंग्रजी न येणारा भारतीय माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता. बोट सरकवताच मजकुराचे भाषांतर व्हावे, ई-मेल पत्ता नसतानाही ॲप मिळावे, त्याचे पैसे फोनच्या शिल्लक रकमेतून वळते व्हावेत, अशा सोयी त्यात होत्या. अँड्रॉइडमध्ये मराठी ही संपूर्ण फोनची भाषा म्हणून निवडता येऊ लागली ती २०१४ मध्ये, आणि आयफोनमध्ये तर २०२५ उजाडावे लागले. मराठी माणसाने आयफोनसाठी दीड तप पैसे मोजले आणि मराठीसाठी वाट पाहिली. असो. इंडसचे ॲप भांडार पुढे फोनपेकडे गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये 'इंडस ॲपस्टोअर' या नावाने नव्याने सुरू झाले. आयआयटी मद्रासच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या कंपनीच्या 'भारओएस'ची चाचणी जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते झाली. तीही मुळात अँड्रॉइडच्या खुल्या पायावरच उभी आहे आणि गोपनीयतेची विशेष गरज असणाऱ्या संस्थांसाठी योजलेली आहे. तिच्याविषयी आपल्या समूहांतून फिरलेले, 'आता गुगलची सुट्टी' अशा थाटाचे संदेश वाचून आनंद होण्याऐवजी खंत वाटते. झालेल्या कामाचा अवास्तव गौरव करणारे लोक त्या कामाचे नुकसानच करतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे कारण देऊन मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडिनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा एकाएकी बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. त्या निर्बंधांना भारताची मान्यता नव्हती. तरीही भारतातील कंपनीचा पत्रव्यवहार परदेशातून बंद करता आला. असेच चीनच्या हुआवेबाबत २०१९ च्या मे महिन्यात झाले होते. अमेरिकेने बंदी घालताच तिच्या नव्या फोनवरून गुगल नाहीसे झाले. ऑगस्टमध्ये हुआवेने स्वतःची हार्मनी प्रणाली जाहीर केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइडचा अंशही नसलेली तिची आवृत्ती आणली. हे घडू शकले ते केवळ देशप्रेमाच्या घोषणांनी नव्हे. चिनी माणसाचे पैसे, गप्पा, खरेदी, प्रवास ही सारी ॲप आधीपासून चिनी कंपन्यांची होती; ती नव्या प्रणालीवर नेणे शक्य होते. आपल्याकडे यूपीआय हा पाया स्वदेशी आणि जगाने वाखाणलेला आहे, पण त्यावरील बहुतांश व्यवहार ज्या दोन ॲपमधून होतात, त्यांतील एक गुगलचे आणि दुसरे वॉलमार्टच्या मालकीचे आहे. आधी ॲप, मग भांडार, मग प्रणाली, असा हा चढ आहे. शेवटच्या पायरीपासून चढायला सुरुवात करता येत नाही.

तोपर्यंत दुकानात उभ्या असलेल्या वडिलांनी काय करावे? आमच्या मते त्यांनी मेगापिक्सेल विसरून वर्षे मोजावीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल फोनसाठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने आपल्या महागड्या फोनसाठी ७ वर्षे अद्ययावत आवृत्त्या देण्याची हमी दिली. ॲपल अशी मोठी घोषणा करीत नाही, पण २०१८ चा आयफोन एक्सएस २०२४ पर्यंत प्रत्येक मुख्य आवृत्ती घेत राहिला. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये मात्र ही मुदत दोन-तीन वर्षांवर येते. हिशेब मांडून पाहा. १२ हजारांचा फोन दोन वर्षे सांभाळला गेला, तर वर्षाला ६ हजार पडले. २४ हजारांचा फोन सहा वर्षे सांभाळला गेला, तर ४ हजार. ७० हजारांचा फोन सात वर्षे चालला, तरी वर्षाला १० हजार होतात, म्हणजे प्रतिष्ठेची किंमत वेगळी मोजावी लागते. ज्याला ती परवडते त्याने मोजावी, पण हप्ते काढून ती मोजू नये. मधल्या किमतीचा, दीर्घ हमीचा, सेवा केंद्र आपल्याच शहरात असलेला फोन घ्यावा आणि तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलून घ्यावी, हा गृहस्थाश्रमाला शोभणारा मार्ग होय. जुना फोन घेणाऱ्याने *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि 'संचार साथी'वर तो चोरीचा नाही ना, याची खातरजमा करावी. घरातील ज्येष्ठांच्या फोनवर सुरक्षेची अद्ययावतता ही चैन नव्हे. लग्नपत्रिका किंवा वाहनदंडाची पावती म्हणून येणाऱ्या एपीके फाइलवर बोट पडले की निवृत्तिवेतनाचे खाते रिकामे होते. अशा वेळी १९३० हा क्रमांक ताबडतोब फिरवायचा, हे त्यांना पाठ करून ठेवायला सांगावे.

पण सारा भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एखाद्या फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षे त्याला अद्ययावत ठेवणे आणि ७ वर्षे सुटे भाग पुरवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. त्याच कंपन्या तोच फोन येथे विकतात. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक सुचविणाऱ्या समितीचा अहवालही मे २०२५ मध्ये आला. आता पुढचे पाऊल सक्तीचे हवे. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापली जाते. मोबाईलच्या खोक्यावर ती छापायला काय अडचण आहे?

आमचा नवा फोन घेताना आम्ही विक्रेत्याला हाच प्रश्न विचारला. त्याने आधी कॅमेऱ्याची माहिती दिली. पुन्हा विचारल्यावर त्याने खोके उलटसुलट करून पाहिले. किंमत होती, उत्पादनाचा महिना होता, किरणोत्सर्गाचे प्रमाणही होते. ही मुदत तेवढी नव्हती. अखेर बिचाऱ्याने स्वतःच्या फोनवर दहा मिनिटे शोधाशोध करून उत्तर काढले. चार वर्षे. मात्र ती मोजायची होती ते मॉडेल प्रथम बाजारात आले त्या दिवसापासून, आणि त्यातले दीड वर्ष फोन खोक्यात असतानाच संपून गेले होते.